इमारतीचं पासबुक

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला होता ‘पंचवीस वर्षांच्या आठवणी’. पण माझ्या आधी तिघं बोलले आणि पहिल्या गणपतीपासून टँकरच्या रांगेपर्यंत त्यांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही. त्यामुळे सचिवांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. मी आज विजेच्या बिलावर बोलणार आहे. घाबरू नका, थकबाकीची यादी वाचणार नाही.

सुरुवात फ्रीजपासून करतो. आपण फ्रीज घ्यायला दुकानात जातो, तेव्हा घरातली मंडळी रंग बघतात, मी स्टार बघतो. त्या स्टारच्या पट्टीवर खाली एक आकडा छापलेला असतो, वर्षाला इतके युनिट. ही पट्टी आपल्याकडे २००६ सालापासून आली. तेव्हा दुकानदारसुद्धा ‘काका, कंपनीचं स्टिकर आहे ते’ म्हणून सोडून द्यायचा. आज सातवीतला मुलगा सांगतो की तीन स्टारचा घेऊ नका. म्हणजे पंधरा-वीस हजारांच्या वस्तूचा वीजवापर आपल्याला तोंडपाठ. आणि कोटी-दीड कोटी रुपये खर्चून बांधलेली सरकारी इमारत, जी पन्नास वर्षं वीज खाणार, तिच्या दारावर काय असतं? उद्घाटकाचं नाव, तारीख आणि ठेकेदाराचं नाव. युनिट कुठेच नाहीत.

काही वर्षांपूर्वी मी इंग्लंडला भाचीकडे गेलो होतो. तिथे करमत नाही म्हणून रोज गावच्या वाचनालयात जाऊन बसायचो. आत शिरताना दाराशी भिंतीवर एक कागद लावलेला. आपल्याकडे बँकेत व्याजदराचा तक्ता असतो ना, तसा. वर ए पासून जी पर्यंत रंगीत पट्ट्या, हिरव्यापासून लाल, आणि एक काळा बाण ‘डी’कडे. शेजारी आकडा. मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ही या इमारतीची वर्षभरातली ऊर्जा. १०० म्हणजे अशा प्रकारच्या इमारतीचा साधारण वापर, त्याच्या खाली चांगलं, वर वाईट. आमचा बाण मागच्या वर्षी ‘ई’वर होता, असंही त्यांनी सांगितलं. त्यांच्या बोलण्यात लाजही होती आणि थोडा अभिमानही. वाचनालयातल्या बाईंना आपल्या इमारतीचा आकडा माहीत आहे, हे मला त्या देशातल्या राणीच्या राजवाड्यापेक्षा जास्त बघण्यासारखं वाटलं.

घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की हे सगळं युरोपच्या २००२ सालच्या एका निर्देशातून आलं. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सार्वजनिक इमारतींनी ऊर्जेचा दाखला लोकांना दिसेल अशा जागी लावायचा, असं त्यात होतं. इंग्लंड-वेल्समध्ये तो २००८ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाला. पुढे मर्यादा खाली आणली, पाचशे चौरस मीटर, मग २०१५ पासून अडीचशे. अडीचशे चौरस मीटर म्हणजे आपल्याकडचं एखादं बऱ्यापैकी ग्रामपंचायत कार्यालय.

पण मला जे खरं महत्त्वाचं वाटलं ते पुढेच आहे. तिथे दाखले दोन प्रकारचे आहेत. एक सांगतो की इमारत कशी बांधली आहे, भिंती कशा, काच कशी, यंत्रं कोणती, आणि त्यावरून हिशेबाने ती किती ऊर्जा घेईल. दुसरा सांगतो की मागच्या बारा महिन्यांत मीटरवर प्रत्यक्ष किती पडली. आमच्या बँकेच्या भाषेत पहिला म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि दुसरा म्हणजे खातेउतारा. कर्ज मागायला येणाऱ्या प्रत्येकाचा प्रोजेक्ट रिपोर्ट मी बघितलेला आहे. त्यात पहिल्या वर्षापासून नफा असतो. तोट्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आला नाही! खरं काय ते खातेउतारा सांगायचा. म्हणून मी म्हणतो, सार्वजनिक इमारतीला नुसता प्रोजेक्ट रिपोर्ट नको, तिचं पासबुक हवं, आणि ते दारात उघडं हवं.

आता हे मी कोणाला शिकवतोय? तर आधी स्वतःला. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. दर महिन्याला विजेच्या बिलाचं व्हाउचर यायचं, मी सही करायचो. इन्स्पेक्शनला साहेब यायचे, व्हाउचर, पावती, सही जुळवायचे आणि ‘खर्चाची कागदपत्रं समाधानकारक’ असा शेरा मारायचे. युनिट किती, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी बघितलं नाही. एका रविवारी माझा चष्मा शाखेत राहिला म्हणून दुपारी जाऊन शटर उघडलं. आत काळोख आणि वॉटर कूलर आपला घुरघुरतोय. शनिवारी दुपारपासून तो कोणासाठी पाणी गार करत होता, देव जाणे. शिपायाला ओरडणार होतो, मग लक्षात आलं, तो बंद करायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. कारण मलाच कधी सुचलं नव्हतं. आणि हे चार वर्षं चाललं होतं.

घरी असं होत नाही. घरी मुलगा पंखा चालू ठेवून बाहेर गेला की आईचा आवाज येतोच, कारण बटण दाबणारा आणि बिल भरणारा एकाच घरातले. कचेरीत बटण एकाचं, बिल दुसऱ्याचं, आणि पैसे तिसऱ्याचे, म्हणजे आपले, घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्यांचे. कोणी मुद्दाम उधळत नाही हो. फक्त आकडा कोणाच्याच डोळ्यासमोर नसतो.

मग आपल्या देशात याला कायदा नाही का? आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. १ मार्च २००२ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो आला, तोच तो फ्रीजचे स्टार देणारा. आपल्या राज्यात त्याचं काम पुण्याची महाऊर्जा बघते. २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धनाची बांधकाम संहिता आली, डिसेंबर २०१८ मध्ये राहत्या इमारतींसाठी इको निवास संहिता आली, २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आणि २००९ मध्ये ब्युरोने कचेऱ्यांच्या इमारतींनासुद्धा फ्रीजसारखे एक ते पाच स्टार द्यायला सुरुवात केली. तेही प्रत्यक्ष वापरावर, म्हणजे पासबुकावर. पण ते ऐच्छिक. ज्याला हौस तो घेतो. शिवाय संहिता लागू होते ती १०० किलोवॅट आणि त्यावर जोडभार असलेल्या इमारतींना. आपल्या महाड-पोलादपूरकडच्या बहुतेक कचेऱ्या, शाळा, पंचायती यात येतच नाहीत. त्या लहान आहेत, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. पण अशा लहान इमारती राज्यात किती असतील, तुम्हीच विचार करा.

बरं, हा स्टार काढायला इंजिनिअर लागतो का? अजिबात नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. बारा महिन्यांचे युनिट मिळवायचे. इमारतीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यायचं, पार्किंग सोडून. ज्यांच्याकडे चौरस फूट आहेत त्यांनी १०.७६ ने भागायचं. मग युनिटांना क्षेत्रफळाने भागा. जो आकडा येईल तो त्या इमारतीचा. आठवीचं गणित आहे.

समजा चारशे चौरस मीटरची कचेरी आहे आणि वर्षाला २०,००० युनिट जातात. भागिले चारशे, म्हणजे पन्नास. आपला भाग हवामानाच्या नकाशात उष्ण-दमट पट्ट्यात येतो. या पट्ट्यातल्या, निम्म्याहून कमी भागात एसी असलेल्या कचेऱ्यांसाठी २००९ च्या तक्त्यात ८५ ते ७५ ला एक स्टार, मग दहा-दहाने उतरत ४५ च्या खाली पाच स्टार. पन्नास म्हणजे चार स्टार. छान. आता याच कचेरीत दोन साहेबांच्या केबिनमध्ये दीड-दीड टनांचे दोन जुने एसी बसवले. एक एसी सरासरी तासाला १.६ युनिट घेतो, दिवसाचे आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस असं धरलं, तर दोघांचे मिळून ६,४०० युनिट. एकूण २६,४००. भागिले चारशे, ६६. चार स्टारची कचेरी दोन स्टारवर आली. केबिन दोन, बाकी चाळीस माणसं पंख्याखाली. एसी नको असं मी म्हणत नाही. साहेबालाही घाम येतोच. पण हा हिशेब दारावर लागलेला असला, तर एसी घेताना पाच स्टारचा घेतला जाईल आणि २४ अंशांवर ठेवला जाईल, एवढीच माझी अपेक्षा आहे. २०२० पासून नवीन एसी सुरू होताना २४ वरच सुरू होतात, तसा नियमच आहे. खाली आणणारं बोट आपलं असतं.

हा तक्ता मोठ्या कचेऱ्यांसाठी केलेला आहे, हे मला माहीत आहे. शाळेला, दवाखान्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. आपण तो फक्त अंदाजाला उसना घ्यायचा. खरी तुलना त्या इमारतीची तिच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी.

आणि इथे एक धोका सांगितलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बँकवाला आकड्यांच्या प्रेमात पडला. आकडा कमी आला म्हणजे इमारत चांगली, असं नाही. पंखे बंद पडलेले, निम्म्या ट्यूब लागत नाहीत, बाळंतिणीच्या खोलीत चाळीसचा एक बल्ब, अशा दवाखान्याचा आकडा फार सुंदर येईल! आमच्याकडे एखाद्या शाखेत थकबाकी शून्य दिसली, की अनुभवी इन्स्पेक्टर आधी विचारायचा, कर्ज वाटलंय का? तसंच आहे. म्हणून आकड्याच्या शेजारी आणखी दोन ओळी हव्यात. खोलीत बसलेल्या माणसाला वाचण्यापुरता उजेड आहे का, आणि वारा लागतो का?

आता एक अवघड गोष्ट बोलतो. आपल्या महाडच्या माणसाला दाखला म्हटलं की विश्वास बसत नाही, आणि त्याला कारण आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. त्या पुलाची तपासणी मे महिन्यात झाली होती, असं तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आलं. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यात पाच मजली इमारत कोसळली, सोळा माणसं गेली. त्या संध्याकाळी आपल्यातले कितीतरी जण रस्त्यावर धावत गेले होते, आणि त्यानंतर काही आठवडे आपल्या जिन्यातली प्रत्येक भेग मुलंसुद्धा बोट लावून बघायची. तेव्हा कोणी म्हणेल, काका, जिथे खांबाचा भरवसा नाही तिथे तुम्ही युनिट काय मोजता? अगदी बरोबर आहे. आधी खांब, मग पंखा. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, हे आपल्या उपविधींत आहे, आणि ते आपण करतो. ते चुकवून बाकी काही करायचं नाही.

पण म्हणूनच मला हा ऊर्जेचा दाखला आवडतो. खांबाच्या आत काय आहे हे तुम्हाआम्हाला दिसत नाही, तज्ज्ञावर विसंबावं लागतं. विजेचं तसं नाही. मीटर भिंतीवर आहे, बिल दर महिन्याला येतं, भागाकार कोणीही करून बघू शकतो. सही करणाऱ्याने चुकीचा आकडा लिहिला, तर आठवीतली मुलगी तो पकडेल.

आपल्या कोकणात इमारतीने वीज कमी खावी, तर काय लागतं? याचं उत्तर आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. उंच छप्पर, कौलं, पुढे-मागे पडवी आणि समोरासमोर खिडक्या. आपला त्रास नुसत्या उन्हाचा नाही, दमटपणाचा आहे. अंगावरून वारा गेला पाहिजे. आता स्लॅब आला. मार्चपासून दुपारी तापतो आणि रात्री आपल्यावर ओततो. आपल्याच जिल्ह्यातलं भिरा उन्हाळ्यात तापमानासाठी पेपरात येतं, आणि गंमत म्हणजे तिथेच १९२७ पासून टाटांचं वीजघर आहे. बरं, स्लॅब तर स्लॅब, पण कुठल्याही जुन्या कचेरीत जा. खिडकीसमोर लोखंडी कपाट, त्यावर दप्तरांचे गठ्ठे, मागे खिडकी गंजून बंद. म्हणून दिवसा ट्यूब, आणि वारा नाही म्हणून पंखा पाचवर. ते कपाट चार फूट सरकवायला कुठलं अनुदान लागतं? आणि हायवेच्या कडेला हल्ली काचेच्या दर्शनी भिंतींच्या इमारती दिसू लागल्या आहेत. पश्चिमेला काच आणि आत एसी. थंड देशात ऊन आत यावं म्हणून काच लावतात. आपण कशासाठी लावतो, ते मला कळलेलं नाही.

२०२१ च्या पुरानंतर आपल्या भागात बरीच बांधकामं आणि दुरुस्त्या झाल्या, अजून होतील. सार्वजनिक इमारत एकदा उभी राहिली की दिशा बदलता येत नाही, खिडकी बदलायला भिंत फोडावी लागते. तेव्हा नकाशा लोकांसमोर येतो, त्या वेळी उभं राहून एवढंच विचारायचं, ‘साहेब, ही इमारत चौरस मीटरला वर्षाला किती युनिट घेणार?’ उत्तर मिळालं तर लिहून ठेवायचं, आणि दोन वर्षांनी बिलाशी ताडून बघायचं. उभ्या असलेल्या इमारतींचे बारा महिन्यांचे युनिट आणि क्षेत्रफळ मागायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो. पण माझं म्हणणं, आधी नुसतं जाऊन गोडीने विचारा. तिथले कर्मचारीही आपल्याच घरातले आहेत.

अर्थात, दुसऱ्याकडे पासबुक मागायचं तर आधी आपलं दाखवावं लागतं. म्हणून गेले काही महिने मी आपल्या कॉमन मीटरच्या मागे लागलो. जुन्या बिलांची फाइल मागितली, तर सचिव म्हणाले, काका, फाइल नाही, लगदा आहे. कार्यालय तळमजल्यावर होतं, २२ जुलै २०२१ ला सगळं पाण्यात गेलं. मीटर आपण नंतर वर घेतले, पण कागद गेले ते गेलेच. मग त्यानंतरची बिलं महावितरणच्या वेबसाइटवरून नातवाने काढून दिली.

मार्चच्या बिलात ४१२ युनिट होते. जिना, गेटचे दिवे, पंप, एवढंच तर आहे आपलं. एवढे जातात कुठे? पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला, ‘भावोजी, टाकी रोज सकाळी वाहते, तुम्ही त्या वेळी फिरायला गेलेले असता.’ आणि खरंच, वॉचमन पंप लावून झाडलोट करायला जायचा, टाकी भरून तासभर गच्चीवर पाणी. तीन एचपीची मोटर म्हणजे तासाला दोन-अडीच युनिट. वर ती पुरात भिजून दोनदा वाइंडिंग केलेली. टाकीला आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला. एप्रिलचं बिल ३३८. चौऱ्याहत्तर युनिट कमी, आणि पाणी वाचलं ते वेगळं. पंचवीस वर्षं टाकी वाहत होती की शेवटची पाच, हे आता कळायला मार्ग नाही. जिन्यातल्या जुन्या ट्यूब अजून बदलायच्या आहेत. चोकसकट जुनी ट्यूब पन्नास वॅटच्या आसपास घेते, एलईडी वीस.

गच्चीवर सोलर बसवावं असा काही तरुण सभासदांचा आग्रह आहे. त्याला माझा विरोध नाही. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. पण आधी गळती थांबवू, मग किती किलोवॅट लागतात ते ठरवू. वाहत्या टाकीच्या हिशेबाने पॅनल घ्यायचे, म्हणजे बुडीत कर्जावर आणखी कर्ज. आणि गच्चीवर वजन चढवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची चिठ्ठी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्यदर्शन किती होतं, तेही धरा.

शेवटचा मुद्दा, जरा वादाचा. रौप्यमहोत्सवानिमित्त गेटवर संगमरवरी पाटी लावायची, त्यावर पंचवीस वर्षांतल्या सर्व पदाधिकाऱ्यांची नावं कोरायची, असा प्रस्ताव आहे. त्यात माझंही नाव दोनदा येतं. नावं कोरायला माझी हरकत नाही. पण त्याच पाटीखाली एक साधा फळा असावा. त्यावर तीनच ओळी: मागच्या वर्षीचे कॉमन युनिट, या वर्षीचे युनिट, आणि चौरस मीटरला किती. दर एप्रिलमध्ये सोसायटीतल्या आठवीच्या मुलांनी तो भागाकार करून खडूने लिहायचा. फळ्याचा खर्च मी देतो, खडू समितीने आणावेत. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असा अर्ज मी आजच सचिवांकडे देतो आहे. पोच मात्र द्या, बँकेची सवय आहे.

बिलांची फाइल मी मंडपात ताटांच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. जेवण झालं की बघा, पण हात धुऊन. मागची फाइल पाण्याने गेली, ही श्रीखंडाने जायला नको.